प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटचे थेंब: बाटली उघडण्यापासून औषध बंद होईपर्यंत

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की दवाखान्यातून निघताना हातात जी पिशवी देतात, तिच्यात दोन-तीन छोट्या बाटल्या असतात. एकीतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब पडतो; तो बहुतेक वेळा अँटिबायोटिकचा. दुसरीतून दुधट पांढरा थेंब पडला तर तो बहुधा प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट 1 टक्का, म्हणजे डोळ्यातला दाह उतरवणारं कृत्रिम स्टिरॉइड. युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराला दाह झालेल्या, रुग्णांनाही हीच बाटली मिळते, फक्त वेळापत्रक फार वेगळं असतं.

या औषधाबाबत एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. डोळ्याला कसं वाटतंय, यावरून त्याचा हिशेब करता येत नाही. लाली गेली, दुखणं थांबलं तरी आत दाह शिल्लक असू शकतो. डोळा अगदी छान वाटत असताना आतलं प्रेशर चढत असू शकतं. आणि ज्या जंतुसंसर्गात हे औषध घालूच नये, त्यातही पहिले दोन-तीन दिवस बरं वाटतं. पुढचे सगळे नियम याच एका अडचणीतून आले आहेत.

थेंब पांढरा का असतो

आपल्या शरीरात अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. त्याच्या रेणूत पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये एक दुहेरी बंध घातला की प्रेडनिसोलोन होतं आणि दाह कमी करण्याची ताकद साधारण चौपट होते. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या शेरिंग कंपनीत आर्थर नोबिल यांनी हा बंध जिवाणूंकडून घालून घेतला. तिथून प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन बाजारात आली.

डोळ्यासाठी मात्र नुसती ताकद पुरत नाही. औषधाला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, ओलांडून आत जावं लागतं. कॉर्नियाचा वरचा थर स्निग्ध पदार्थांना वाट देतो, पाण्यात विरघळणाऱ्यांना अडवतो. म्हणून प्रेडनिसोलोनला अ‍ॅसिटेटची जोड दिली जाते. त्यामुळे ते आत चांगलं उतरतं, पण पाण्यात विरघळेनासं होतं. त्याचे बारीक कण द्रवात नुसते तरंगत ठेवलेले असतात आणि थेंब पांढरा दिसतो. प्रेडनिसोलोन सोडियम फॉस्फेट हे याच औषधाचं विरघळणारं रूप. त्याचा थेंब स्वच्छ असतो, हलवावा लागत नाही, पण इजा न झालेल्या कॉर्नियातून ते तितकं आत जात नाही.

आत गेल्यावर हे औषध पेशींमधून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटण्याची क्रियाच रोखतं. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रायिन ही दाह पेटवणारी दोन्ही घराणी एकदम थंडावतात. नेपाफिनॅक किंवा केटोरोलॅकसारखे स्टिरॉइड नसलेले थेंब यांतल्या पहिल्याच घराण्यावर काम करतात. म्हणून ते मदतीला दिले जातात. युव्हिआयटिससारख्या दाहात ते स्टिरॉइडची जागा घेऊ शकत नाहीत.

बाटली उघडताना

आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांचं तोंड कारखान्यातून बंदच येतं आणि टोपणाच्या आत एक छोटा टोकदार काटा असतो. टोपणाखाली कडं असेल तर ते तोडून काढायचं. मग टोपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने शेवटपर्यंत घट्ट फिरवायचं. काटा आत शिरतो आणि नेमक्या मापाचं भोक पडतं. टोपण उलटं फिरवून काढलं की बाटली तयार. काही बाटल्यांचं तोंड आधीच उघडं असतं. म्हणून खोक्यावरचं चित्र एकदा पाहून घ्यावं.

घरोघरी होतं ते वेगळंच. टोपण काढलं, थेंब पडला नाही, की कात्रीने टोक कापतात किंवा टाचणीने भोक पाडतात. याचे दोन तोटे. भोक मोठं झाल्यामुळे थेंब मोठा पडतो किंवा धारच लागते, आणि महिनाभराची बाटली दहा दिवसांत संपते. शिवाय टाचणीवरचे जंतू थेट औषधात जातात. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात असं औषध घालणं धोक्याचं आहे. टोक कापलेली बाटली टाकून नवी आणावी.

उघडल्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहा. 28 दिवसांनी औषध उरलं असलं तरी ती बाटली वापरायची नाही. छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते, दोन वर्षं पुढची दिसली म्हणून फसू नका.

ठेवायची कशी

उभी, टोपण वर. आडवी किंवा उलटी ठेवली तर पांढरे कण तोंडाशी बसतात, थर घट्ट होतो, आणि मग एक तर भोक बुजतं किंवा पहिल्या थेंबात औषधाचा चोथा येतो. तापमानाची मर्यादा लेबलवर असते, बहुधा 25 किंवा 30 अंश. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात खिडकीतला कट्टा, देवघराचा कोनाडा, गाडीतला खण यांतली कुठलीही जागा त्यात बसत नाही. घरातली सगळ्यात थंड, सावलीची खोली निवडा. घर फारच तापत असेल आणि लेबलवर मनाई नसेल तर फ्रिजच्या दाराचा कप्पा चालतो. फ्रीझर मात्र कधीच नाही. गोठलं की कणांचे गोळे होतात आणि मग कितीही हलवलं तरी ते सुटत नाहीत.

थेंब घालण्याची रीत

1. साबणाने हात धुवा आणि स्वच्छ कापडाला पुसा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. बहुतेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असतं आणि ते मऊ लेन्समध्ये शोषलं जातं. थेंबानंतर किमान 15 मिनिटं लेन्स घालायची नाही. तसं पाहता, डोळ्यात दाह असताना लेन्स घालायलाच नको.

2. टोपण घट्ट लावून बाटली जोरात हलवा, 10 ते 15 सेकंद. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. हातात दोनदा उलटीसुलटी करणं म्हणजे हलवणं नव्हे. ताक न घुसळता वरचं पाणी प्यावं तसा प्रकार होतो: पहिले दोन आठवडे, जेव्हा दाह सगळ्यात जास्त असतो, तेव्हा डोळ्यात पातळ पाणी जातं, आणि बाटली संपत आली की, जेव्हा औषध कमी व्हायला हवं, तेव्हा तळाचा दाट भाग जातो. “औषध लागू पडलं नाही” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला आधी बाटली हलवून दाखवायला सांगावं.

3. मान मागे करा किंवा सरळ आडवं व्हा. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे पापणी आणि डोळ्याच्या मध्ये छोटी खोबण तयार होते. नजर वर, कपाळाकडे.

4. बाटली डोळ्यापासून बोटाच्या एका पेराइतक्या अंतरावर धरा आणि एकच थेंब त्या खोबणीत पाडा. बाटलीचं तोंड पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला, कशालाही लागू देऊ नका. हात कापत असेल तर बाटली धरलेल्या हाताची मुठ कपाळावर टेकवा.

5. डोळा हलकेच मिटा. मिचकावायचा नाही, घट्ट आवळायचा नाही. नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाच्या टोकाने दाबून ठेवा, पूर्ण दोन मिनिटं. अश्रूंची नळी तिथून नाकात उतरते. न दाबल्यास औषध घशात जातं, तोंड कडू होतं आणि डोळ्यात राहायचं औषध शरीरात पसरतं. लहान मुलांत ही पायरी जास्त महत्त्वाची. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर बुबुळावर दाब येता कामा नये, बोट नाकाच्या हाडाकडे ठेवा.

6. ओघळलेलं औषध स्वच्छ टिश्यूने गालावरच टिपा. पदर, धोतराचं टोक, खिशातला रुमाल नको.

दोन थेंब घातल्याने फायदा दुप्पट होत नाही. डोळ्याच्या त्या खोबणीत जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतात आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब पहिल्याला घेऊन गालावर उतरतो. पहिला नक्की बाहेर पडला असं वाटलं तरच पुन्हा घाला.

ज्यांना एकट्यानेच थेंब घालावे लागतात, किंवा थेंब दिसला की ज्यांचा डोळा आपोआप मिटतो, त्यांच्यासाठी मिटल्या डोळ्याची रीत चांगली. पाठीवर झोपा, डोळे मिटा, पापण्या स्वच्छ असू द्या. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या खळग्यात एक थेंब टाका आणि डोळा उघडा. औषध आपसूक आत सरकतं. मुलांसाठीही हीच रीत, झटापट होत नाही.

एकापेक्षा जास्त थेंब असतील तर मध्ये किमान 5 मिनिटं जाऊ द्या. आधी पाण्यासारखे स्वच्छ थेंब, मग हलवून घालायचा पांढरा, सगळ्यात शेवटी मलम. मलम आधी लावलं तर त्याच्या थरावरून पुढचा थेंब घसरतो.

कागदावरचं वेळापत्रक घड्याळावर कसं बसवायचं

चिठ्ठीत “दिवसातून 6 वेळा, दर आठवड्याला एक कमी” असं लिहिलेलं असतं. मोतीबिंदूनंतर हा क्रम बराच रूढ आहे, पण प्रत्येक डॉक्टरांचा आणि प्रत्येक डोळ्याचा क्रम वेगळा असू शकतो. तुमच्या चिठ्ठीवर असेल तोच खरा. सहा वेळा म्हणजे सकाळी 7, 10, दुपारी 1, 4, संध्याकाळी 7 आणि रात्री 10. चार वेळा म्हणजे 7, 12, 5, 10. तीन वेळा म्हणजे सकाळी 7, दुपारी 2, रात्री 10. कॅलेंडरवर आठवड्यांची आखणी करून भिंतीला लावा आणि थेंब घालेल त्याने खूण करावी. घरात सून सकाळी आणि नातू संध्याकाळी घालत असेल तर खूण नसल्यास एक तर थेंब चुकतो किंवा दोनदा जातो.

बाटल्यांचा हिशेबही आधी मांडून ठेवावा. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक असा सहा आठवड्यांचा क्रम म्हणजे 42, 35, 28, 21, 14 आणि 7, एकूण 147 थेंब, एका डोळ्यासाठी. 5 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 100 ते 125 थेंब. म्हणजे तिसरा आठवडा संपताना 105 थेंब झालेले असतात आणि बाटली तळाला लागते. शिवाय 28 दिवसांची मर्यादा आहेच. दुसरी बाटली लागणार हे ठरलेलं आहे. “बाटली संपली, औषध संपलं” असं समजून इथेच अनेक जण थांबतात.

थेंब चुकला तर आठवेल तेव्हा घाला. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. भरपाई म्हणून एकदम दोन घालू नका.

एकदम बंद केलं तर काय होतं? दाबून ठेवलेला दाह पुन्हा उसळतो आणि पहिल्यापेक्षा जोरात उसळू शकतो. मोतीबिंदूनंतर चौथ्या आठवड्यात डोळा पुन्हा लाल होऊन उजेड सोसेना झाला, तर आधी याचीच चौकशी होते. थेंब कमी कमी करत नेण्याचा हेतूच तो: दाह खाली बसलेला राहतो का, हे प्रत्येक पायरीवर तपासता येतं.

युव्हिआयटिसमध्ये

डोळ्याच्या पुढच्या भागात, आयरिसपाशी (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यापाशी) दाह होतो तेव्हा लाली बुबुळाच्या कडेने जास्त असते, चिपडं येत नाहीत, उजेड अजिबात सोसत नाही, डोळा आतून ठणकतो. अशा वेळी सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब देतात. सोळा तास जागं राहिलं तर दिवसाला 16, आठवड्यात 112 थेंब. एका आठवड्यात बाटली संपली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती संपत यायलाच हवी. बरीच उरल्यास थेंब चुकले आहेत.

यात अर्धवटपणा महागात पडतो. दिवसातून चार वेळा घालून बघू, मग वाढवू, असं केल्यास दाह अर्धा दबतो, रेंगाळतो, आणि आयरिस मागच्या भिंगाला चिकटू लागते. ती चिकटू नये म्हणून सोबत बाहुली मोठी करणारा थेंब दिलेला असतो: होमॅट्रोपिन, सायक्लोपेंटोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन. त्याने जवळचं धूसर दिसतं, उजेड डोळ्यात जास्त येतो. हा त्या औषधाचा गुणच आहे. त्यामुळे “याने दिसेनासं झालं” म्हणत तोच थेंब बंद करू नका. गाडी मात्र चालवू नका.

थेंब कधी कमी करायचे हे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्राखाली, ठरतं. डॉक्टर 1 मिलिमीटर चौरसाच्या प्रकाशझोतात आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी मोजतात. 6 ते 15 दिसल्या तर दाहाचा दर्जा एक अधिक (1+), 16 ते 25 म्हणजे दोन अधिक, 26 ते 50 तीन अधिक, 50 च्या वर चार अधिक. तुमचा डोळा आरशात पांढराशुभ्र दिसत असताना आत एक अधिक असू शकतं. हे आरशाला दिसत नाही.

दोन दिवसांत काहीच फरक नसेल तर वाट पाहत बसू नका. निदान, बाटली हलवण्याची रीत आणि थेंबांची संख्या या तिन्हींची फेरतपासणी लागते. वरचेवर उलटणाऱ्या युव्हिआयटिसमध्ये सकाळी कंबर आखडते का, सांधे सुजतात का, हेही डॉक्टरांना सांगा. एचएलए-बी27 या जनुकाशी जोडलेल्या संधिवाताचा माग पुष्कळदा डोळ्यातूनच लागतो.

प्रेशर: न दुखणारं नुकसान

डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि कॉर्निया व आयरिसच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरून जातं. स्टिरॉइडमुळे काही लोकांत या जाळीत अनावश्यक पदार्थ साठतो, निचरा मंदावतो, प्रेशर चढतं. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हे नेहमीचं प्रेशर. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांत ते मध्यम प्रमाणात वाढतं आणि शंभरातल्या चार ते सहा जणांत 15 पेक्षाही जास्त अंकांनी चढतं. बहुतेकांत हे दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होतं. मुलांत ते लवकर होतं.

डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर बाजूने कमी होते, त्यामुळे लक्षातही येत नाही. औषध थांबवलं तर प्रेशर बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत खाली येतं, पण तोवर ऑप्टिक नर्व्हचं, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं, जे नुकसान झालं ते भरून येत नाही. वर्षानुवर्षं थेंब घातलेल्यांत औषध थांबवूनही प्रेशर चढलेलं राहू शकतं.

म्हणून काही नियम. थेंब सुरू करण्याआधी एकदा प्रेशर मोजून घ्यावं. 10 दिवसांपेक्षा जास्त चालणार असतील तर अधूनमधून मोजायलाच हवं. दोन आठवड्यांनी एकदा, मग महिना-दीड महिन्याने, ही सोयीची पद्धत. स्वतःला काचबिंदू असेल, आई-वडील किंवा भावंडांना असेल, चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल, मधुमेह असेल तर हे आपणहून सांगा. घाईच्या ओपीडीत हा प्रश्न राहून जाऊ शकतो.

प्रेड फोर्ट या नावाने हेच औषध विकलं जातं; त्याच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात एक आकडा आहे, तो मला फार उपयोगी वाटतो: 20 मिलिलिटरच्या पुढे औषध पुन्हा लिहून द्यायचं तर आधी डोळा यंत्राखाली तपासलाच पाहिजे. म्हणजे आपल्या 5 मिलिलिटरच्या चार बाटल्या. पाचवी बाटली जुन्या चिठ्ठीवर आणायची नाही.

लांबलेल्या वापराचा दुसरा दुष्परिणाम मोतीबिंदू, तोही भिंगाच्या मागच्या आवरणाजवळचा. उन्हात किंवा समोरच्या गाडीच्या दिव्यात जास्त त्रास होतो आणि वाचताना लवकर अडचण येते. शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंग बसलेल्या डोळ्याला हा धोका नाही, प्रेशरचा मात्र आहेच.

जिथे हा थेंब घालायचा नाही

डोळे आले की घरातली जुनी बाटली शोधली जाते. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हाही मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेले थेंब बिनचिठ्ठीचे घेणारे बरेच होते. साथीचे डोळे बहुतेकदा विषाणूमुळे येतात आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. स्टिरॉइडने लाली उतरते, पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस रेंगाळू शकतो. पापणीच्या आत पडदा धरला किंवा कॉर्नियावर ठिपके उठून नजर अंधुक झाली, तर डॉक्टर मोजून-मापून स्टिरॉइड देतात. तो निर्णय यंत्राखाली होतो.

नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणू कॉर्नियावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम करतो. लाल डोळा, थोडं खुपणं, पाणी येणं, बस इतकंच दिसतं. यात स्टिरॉइड पडलं तर फांद्यांची जखम पसरून नकाशासारखी मोठी होते. फ्लुओरेसिनचा पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिल्याशिवाय हे कळत नाही. पूर्वी कधी असं झालं असेल तर प्रत्येक नव्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

शेतातली इजा हा आपल्याकडचा सगळ्यात वाईट प्रकार. उसाचं पातं लागलं, भात झोडताना तूस उडालं, कपाशीची काटकी घासली. कॉर्नियावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी रुजते, बहुतेकदा फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस. गावातल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असलेला थेंब येतो. दोन दिवस लाली कमी, ठणका कमी. बुरशीला अडवणारी शरीराची शक्तीच दबल्यामुळे ती कॉर्नियाच्या खोल थरात उतरते. आठवड्याभराने पांढरा डाग घेऊन रुग्ण शहरात पोहोचतो तेव्हा उपचार महिन्यांचे होतात, आणि बरं झालं तरी फूल राहतं. झाडपाल्याची इजा झालेल्या डोळ्यात तपासणीआधी स्टिरॉइड नको, हा नियम शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना पाठ हवा. बुरशीवरचं नॅटामायसिन 5 टक्के हेसुद्धा पांढरं, हलवून घालायचं औषध आहे. म्हणून फोनवर “तो पांढरा ड्रॉप चालू ठेवा” असं सांगणं आणि ऐकणं दोन्ही टाळा, बाटलीवरचं नाव वाचा.

उन्हाळ्यात डोळे चोळणारी, तारेसारखी चिकट चिपडं येणारी मुलं, विशेषतः पाच ते पंधरा वयाचे मुलगे, यांना व्हर्नल अ‍ॅलर्जी असते. स्टिरॉइडने खाज जादू झाल्यासारखी थांबते. पुढच्या वेळी पालक तीच बाटली आणतात, मग दर महिन्याला, मग वर्षानुवर्षं. अशी मुलं दहावीच्या आत काचबिंदूने नजर गमावून बसू शकतात, आणि फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. या आजारात स्टिरॉइड फार तर थोड्या दिवसांसाठी, जोर उतरवण्यापुरतं. रोजचा भार ओलोपॅटाडिनसारखे अ‍ॅलर्जीचे थेंब, गरज पडल्यास सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, आणि थंड पाण्याच्या घड्या यांनी उचलायचा.

भावंडं: एकाच्या जागी दुसरं नको

“ते नाही, पण हे सेम आहे” असं काउंटरवर ऐकलं तर थांबा. कंपनी बदलणं वेगळं आणि औषध बदलणं वेगळं. डायफ्लुप्रेडनेट 0.05 टक्का जास्त तीव्र आहे. युव्हिआयटिसमध्ये त्याचे दिवसाला चार थेंब प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटच्या आठ थेंबांच्या तोडीचे ठरले आहेत. ते स्निग्ध पायसाच्या (इमल्शनच्या) रूपात असतं, हलवावं लागत नाही, पण प्रेशरही झपाट्याने चढवू शकतं. लोटेप्रेडनॉल काम झाल्यावर डोळ्यातच निष्क्रिय होईल अशा बेताने घडवलेलं आहे. प्रेशरचा धोका कमी, आणि आत खोलवरच्या दाहावर ताकदही कमी. फ्लुओरोमेथोलोन मुख्यतः पृष्ठभागासाठी. डेक्सामेथासोन 0.1 टक्का बहुधा अँटिबायोटिकसोबत येतं, आणि घरात सापडणारी जुनी बाटली बहुतेक वेळा त्याचीच असते.

कधी ताबडतोब जायचं

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत नजर कालपेक्षा आज कमी झाली, डोळा वाढत्या जोराने दुखू लागला, पापणी सुजली, किंवा बुबुळाच्या खालच्या भागात पांढरट थर दिसला तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा, रात्र असली तरी. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची ही लक्षणं आहेत आणि त्यात काही तासांनीही फरक पडतो. स्टिरॉइड चालू असल्यामुळे दुखणं अपेक्षेपेक्षा कमी असू शकतं. म्हणून दुखण्यापेक्षा नजरेवर लक्ष ठेवा. रोज सकाळी चांगला डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून पाहा. कालचे आकडे आज वाचता येत नसतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

जाताना सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, चिठ्ठी आणि खुणा केलेलं कॅलेंडर बरोबर न्या. शेवटचा थेंब कधी घातला ते आठवून ठेवा. उपचार संपल्यावर उरलेली बाटली कपाटात जपून ठेवू नका. टोपण काढून औषध कागदावर रिकामं करा, लेबल फाडा आणि कचऱ्यात टाका.